मीडिया प्लेअरच्या खोक्यावर तापमानही छापावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

टीव्हीला जोडायचा मीडिया प्लेअर, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारा छोटा बॉक्स, घेताना ग्राहकाला खोक्यावरचे ‘४के’, रॅम आणि स्टोरेजचे आकडे दाखवले जातात. झाकणाच्या आत काय आहे हे सीताबर्डीच्या दुकानात कोणी सांगत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या नागपुरात यंत्राचे आयुष्य त्या आतल्या मालावरच ठरते.

स्वस्त बॉक्समध्ये बहुधा प्रोसेसरवर अॅल्युमिनियमची लहानशी हीट सिंक (उष्णता बाहेर सोडणारी पट्टी) चिकटवलेली असते आणि प्लास्टिकच्या कवचाला हवा खेळण्यापुरती छिद्रेही नसतात. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, चित्र अडखळते आणि बोल मात्र इंटरनेटला लागतो. नीट बांधलेल्या बॉक्समध्ये प्रोसेसर उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ थर्मल पॅडने धातूच्या कवचाशी जोडलेला असतो. असा बॉक्स हाताला गरम लागतो, पण ते चांगलेच लक्षण समजावे.

विजेचा पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या छोट्या भागाची, म्हणजे कपॅसिटरची, बाब अधिक गंभीर आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश उष्णतेमागे साधारण निम्मे होते. आत ६५ अंश तापमान धरले, तर ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर सुमारे ८००० तास, म्हणजे बॉक्स रात्रंदिवस चालू राहिल्यास अकरा महिने चालेल. १०५ अंशांवर तितकेच तास टिकणारा साडेतीन वर्षांहून अधिक. बॉक्सच्या किमतीपुढे या दोहोंच्या किमतीतील फरक किरकोळ आहे, तरीही काटकसर नेमकी इथेच केली जाते. अडॉप्टरचीही तीच कथा, आणि तो तर अनेक घरांत टीव्हीमागच्या कोंदट कपाटात बारा महिने लावलेला असतो.

भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा ‘आर’ क्रमांक बॉक्सवर आणि अडॉप्टरवर असतो व तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. मात्र ही नोंदणी सुरक्षिततेची आहे, टिकाऊपणाची नव्हे. अनेक उपकरणांच्या माहितीपत्रकात ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच वापरावे असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, जे विदर्भातील ग्राहकाला पैसे मोजण्यापूर्वी कळायला हवे. म्हणून ही मर्यादा आणि कपॅसिटरचा दर्जा खोक्याच्या दर्शनी भागावर ठळक छापण्याची सक्ती केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने करावी, आणि तोवर येथील विक्रेत्यांनी निदान माहितीपत्रक विक्रीपूर्वी ग्राहकाच्या हाती द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर