साउथलंडची शेती घोड्यांनी उभी केली, त्याबद्दलही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत न्यूझीलंडच्या साउथलंडमधल्या डेअरीवर मोठा लेख आला होता. मी इथेच, इन्व्हरकार्गिलजवळ राहतो, त्यामुळे अगदी आवडीने वाचला आणि गावाकडच्या ग्रुपवरही टाकला. माहिती चांगलीच आहे, पण लेख वाचून असं वाटतं की इथे आधी दलदल होती, मग मेंढ्या आल्या आणि मग एकदम मिल्किंग मशीन. मधली सत्तर-ऐंशी वर्षं गेली कुठे? त्या काळात ही जमीन ज्यांनी नांगरली ते क्लाइड्सडेल, म्हणजे जड ओढकामाचे धिप्पाड स्कॉटिश घोडे, आणि ते पिढ्यानपिढ्या जोपासणारे शेतकरी, यांच्याबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही, म्हणून हे पत्र.

एडेन्डेलच्या 1882 च्या चीज फॅक्टरीचा उल्लेख लेखात आहे आणि तो हवाच, डेअरीची सुरुवात तिथूनच झाली. पण त्या फॅक्टरीत दूध पोचायचं कसं? रोज सकाळी कॅन घोडागाडीत चढवून. गायींसाठी गवत पेरायचं तर आधी ती टसॉकची (झुबक्यांनी वाढणारं रानगवत) आणि फ्लॅक्सची (लांब पात्यांची दलदलीतली झुडपं) चिवट जमीन फोडायला लागायची, पाण्याचा निचरा करायला चर काढून त्यात मातीचे पाइप टाकायला लागायचे, ते पाइप ओढून आणायचे, मग नांगरट, मग कुळव, मग पेरणी, कापणीला बाइंडर (पीक कापून पेंढ्या बांधणारं यंत्र), हे सगळं घोड्यांवर. ड्युनेडिनच्या रीड अँड ग्रे कंपनीचे दोन फाळांचे नांगर इथे खूप चालायचे आणि भारी मातीत तो नांगर ओढणं हलक्या घोड्याचं काम नव्हे.

ड्युनेडिन 1848 मध्ये स्कॉटलंडच्या लोकांनी वसवलं आणि साउथलंडही बरंचसं त्यांचंच, त्यामुळे त्यांनी घोडाही आपल्याकडचा, क्लाइड नदीच्या खोऱ्यातला आणला. काही टास्मानिया आणि व्हिक्टोरियातून आले, काही थेट स्कॉटलंडहून, शिडाच्या जहाजातून तीन-तीन महिने लाकडी खोक्यात उभे राहून, समुद्र खवळला तर पोटाखाली पट्टा बांधून. सगळे जिवंत पोचायचे नाहीत. एवढा खर्च आणि जोखीम घेऊन आणलेला एक चांगला नर पुढे अख्ख्या तालुक्याचे घोडे बदलून टाकायचा, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. हे घोडे आपोआप तयार झाले नाहीत, कागदावर नोंदी ठेवून झाले. स्कॉटलंडमध्ये क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी 1877 ला निघाली आणि स्टडबुक सुरू झालं, म्हणजे प्रत्येक घोड्याला नंबर, बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण. प्रिन्स ऑफ वेल्स 673 आणि डार्नली 222 हे दोन नर त्या पुस्तकातले सगळ्यात मोठे, पहिल्याच्या मुली दुसऱ्याला दाखवायच्या या जुळणीवर पुढची जात उभी राहिली. डार्नलीच्या वंशात बॅरन्स प्राइड, त्याचा मुलगा बॅरन ऑफ बुक्लाइव्ही, आणि हा 1911 मध्ये एअर गावच्या लिलावात साडेनऊ हजार पौंडांना गेला! त्याचा सांगाडा आजही ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह म्युझियममध्ये उभा आहे. न्यूझीलंडची स्वतःची क्लाइड्सडेल सोसायटीही त्याच 1911 मधली, पहिलं स्टडबुक 1914 चं. इथल्या साध्या शेतकऱ्यालाही आपल्या घोडीच्या चार पिढ्या तोंडपाठ असायच्या.

नर सगळ्यांना परवडायचा नाही, मग तो फिरायचा. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे इकडचा वसंत आणि उन्हाळ्याची सुरुवात, एक मोतद्दार त्याला घेऊन निघायचा, ठरलेला रस्ता, सोमवारी या फार्मवर, मंगळवारी त्या गावात, रात्री कुठे मुक्काम तेसुद्धा आधी छापलेलं. ओटागो विटनेस, साउथलंड टाइम्स या पेपरांत त्याच्या जाहिराती असायच्या, वेगळी छापील कार्डंही वाटायचे. ‘पेपर्स पास्ट’ या सरकारी साइटवर हे जुने पेपर फुकट वाचता येतात, मी तासन्तास वाचत बसतो. रंग, उंची, हाड कसं, पायावरचे केस कसे, बाप कोण, आईने कुठल्या शोमध्ये बक्षीस घेतलं, आणि फी किती. फीचा काही भाग आधी आणि बाकीचा घोडी गाभण राहिल्याची खात्री पटल्यावर, हा व्यवहार मला फार प्रामाणिक वाटतो. आणि मोतद्दाराचं काम काय साधं नव्हतं, टनाच्या जवळपास वजनाचा नर, सीझनमध्ये गरम झालेला, त्याला चिखलाच्या रस्त्याने रोज मैलोन्‌मैल न्यायचं, पाय सुजू द्यायचे नाहीत, वजन उतरू द्यायचं नाही.

पण सगळं नाव नरांचं झालं. बक्षिसं, फोटो, लिलाव, सगळं त्यांचं. माझ्या मते खरं श्रेय घोड्यांपेक्षा घोड्यांच्या आयांना आणि त्या सांभाळणाऱ्या घरांना आहे. घोडी अकरा महिने गाभण असते, त्यामुळे ती विणार पुन्हा वसंतातच, आणि नेमकी तेव्हाच पेरणीची धांदल. तिला बांधून ठेवणं परवडायचं नाही, सांभाळून कामाला जुंपायचे, जड ओढ द्यायची नाही, गाडी मागे रेटायला लावायची नाही. व्यायल्यावर काही आठवड्यांत ती परत नांगराला, शिंगरू तबेल्यात बंद. दुपारी घोडी घामाघूम होऊन आली की शिंगराला लगेच सोडायचं नाही, आधी तिला निवू द्यायचं, कास थोडी पिळून टाकायची, नाहीतर शिंगराला हगवण लागते असं जुने लोक सांगतात. हे काम बऱ्याचदा घरातल्या बायकामुलांकडे असायचं. स्टडबुकात मालक म्हणून नाव मात्र पुरुषाचं.

पायाबद्दल लिहिलंच पाहिजे. इथल्या शोमध्ये मी एका म्हाताऱ्या नालबंदाला बघितलं, त्याने घोडीचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला, खूर जेवणाच्या ताटाएवढा, आणि आधी अंगठ्याने खुराच्या वरची कडा दाबून बघितली, दोन्ही बाजूंनी. तिथली कूर्चा हाडासारखी कडक झाली असेल तर घोडा पुढे लंगडतो आणि हा दोष पिलांत उतरतो असं मानत, म्हणून जुने ब्रीडर असा नर कितीही देखणा असला तरी नाकारायचे. पायावरचे लांब केस दिसायला सुंदर, पण साउथलंडच्या पावसाचिखलात त्याखाली त्वचा कुजते, त्यामुळे रोज संध्याकाळी पाय कोरडे करायचे, दिवसभर नांगर धरून आल्यावरही आधी घोड्याचे पाय आणि मग आपलं जेवण.

त्याच 1911 मध्ये न्यूझीलंडमध्ये 4 लाखांवर घोडे होते आणि माणसं जेमतेम 10 लाख. त्यांना पोसायला शेताचा मोठा भाग ओट्सखाली, त्याची कुट्टी करून वर्षभर घालायची. मग पहिलं महायुद्ध, इथून 10 हजारांवर घोडे गेले आणि परत आले फक्त चार. मग ट्रॅक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर तर इतक्या झपाट्याने कमी झाले की 1975 मध्ये दुर्मीळ पाळीव जाती वाचवणाऱ्या ब्रिटनच्या रेअर ब्रीड्स ट्रस्टला ही जात धोक्यात आल्याचं जाहीर करावं लागलं. ट्रॅक्टरबद्दल माझी तक्रार नाही, पहाटे उठून सहा घोडे जुंपणाऱ्या माणसाचे कष्ट त्याने वाचवले. पण एवढ्या मेहनतीने बांधलेली जात पंचवीस-तीस वर्षांत कसायाकडे गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक. हे सगळं ज्या जमिनीवर झालं ती नाई ताहू या माओरी लोकांची. 1853 च्या मुरिहिकू (या दक्षिण भागाचं माओरी नाव) खरेदीत सुमारे 70 लाख एकर जमीन 2,600 पौंडांना घेतली आणि त्यांच्यासाठी राखून ठेवली ती पाच हजार एकरांपेक्षाही कमी. सरकारने माफी मागून भरपाई दिली ती 1998 मध्ये. घोड्यांचं कौतुक करताना हेही सांगितलं पाहिजे, तुमच्या लेखात डेअरीचं कौतुक करतानाही सांगायला हवं होतं.

तर माझी विनंती अशी की याच पुरवणीत या घोड्यांवर एक स्वतंत्र लेख घ्या. आणि आपली जी मराठी पोरं इकडच्या डेअरी फार्मवर कामाला आहेत त्यांनी आपल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना, मालकाच्या वडिलांना जरा विचारावं, जुनी कार्डं, वंशावळीची सर्टिफिकेटं, घोड्यांच्या नावांच्या वह्या घरात आहेत का. फार्म विकला की क्लिअरिंग सेल, म्हणजे तिथल्या सामानाचा लिलाव होतो, मी अशाच एका सेलला घोड्यांच्या कॉलर आणि साखळ्या शोभेच्या वस्तू म्हणून चांगल्या किमतीला जाताना बघितल्या आणि त्याच शेडमधलं कागदांचं खोकं जाळायच्या ढिगावर. मालकाला विचारून मी ते उचलून आणलं. त्यातली 1920 च्या आसपासची काही कार्डं स्कॅन करून ठेवली आहेत, लेखासाठी हवी असतील तर लगेच पाठवतो.

आपला,
एक वाचक, साउथलंड, न्यूझीलंड