माशाची टाकी घेताना पूर्ण वाढ विचारात घ्यावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश झाला की दर्शनी खोलीत माशांची टाकी ठेवण्याची हौस हल्ली गोव्यातही बरीच दिसते. दोन वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला मीही पाचेक लिटरचे गोल काचेचे भांडे आणि दोन गोल्डफिश घेऊन आलो. ‘एवढ्याशा माशांना एवढे पाणी पुष्कळ झाले,’ असे दुकानदार म्हणाला, आणि बाजारात बांगडा घेताना कल्ले उघडून पाहिल्याशिवाय पैसे न देणाऱ्या मी जिवंत मासा घेताना मात्र एकही प्रश्न विचारला नाही. नवव्या दिवशी दोन्ही मासे मेलेले आढळले.

कारण पुढे समजले. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर थोड्या पाण्यात हे विष फार लवकर साचते. शिवाय गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की हवेला भिडणारा पाण्याचा पृष्ठभाग आक्रसतो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांना जेमतेम साडेसात. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेता उंच आणि अरुंद टाकीपेक्षा लांब व पसरट टाकीच का बरी, हे यावरून कळावे.

टाकीचे माप काढणे अवघड नाही. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. बाजारात सर्रास मिळणारी ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची होते आणि खडी व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात त्याहून कमी पाणी उरते. गप्पी या इवल्याशा माशांना, डझनभर असले तरी, ती पुरेल; गोल्डफिशला आयुष्यभरासाठी नाही, कारण चांगल्या पाण्यात साधा गोल्डफिश वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो. ‘माशाच्या लांबीच्या दर इंचाला चार लिटर पाणी’ हा ठोकताळाही फक्त लहान, सडपातळ माशांपुरताच खरा मानावा. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने सुमारे आठपट होतो, आणि घाण त्या वजनाच्या हिशेबाने होते. बेटा हा मासा वरची हवा घेऊ शकतो, म्हणून तो बरणीत विकला जातो. पण बरणीत तग धरणे निराळे, त्याला नीट जगायला पंधरा-वीस लिटर तरी हवेत.

मोठी टाकी घेताना वजनही पाहावे लागते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि काच व खडी वेगळी. जुन्या घरांच्या लाकडी माडीवर हा भार टाकण्यापूर्वी जाणकाराला विचारलेले बरे.

अंगणात तळे बांधून ‘कोई’ जातीचे शोभेचे मासे पाळणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्यामुळे मीटरभर खोली आणि किमान चार हजार लिटर पाणी यांखाली विचारच करू नये. तळ्याचा काठ जमिनीपेक्षा उंच नसेल आणि पाणी बाहेर जाण्याच्या नळाला जाळी नसेल, तर आपल्या पावसात मासे थेट शेतात आणि व्हाळात जातात. काच साफ करणारा म्हणून बोटभर लांबीचा विकला जाणारा सकरमाऊथ कॅटफिश तर फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. टाकी अपुरी पडली की मंडळी तो विहिरीत किंवा तळीत सोडून मोकळी होतात. हा परका मासा देशातील अनेक जलाशयांत असाच पसरला आहे.

रोम शहराने २००५ साली गोल्डफिश गोल भांड्यात ठेवण्यास मनाई केली. येथे तसा कायदा करावा, असे माझे म्हणणे नाही. दुकानदारांनी किमतीच्या शेजारी माशाची पूर्ण वाढीची लांबी आणि त्याला लागणारे किमान लिटर एवढे दोनच आकडे लिहावेत, आणि मत्स्योद्योग खात्याने नेहमी विकल्या जाणाऱ्या पंधरा-वीस जातींचा तसा तक्ता मराठी व कोंकणीत छापून दुकानांना द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा