नॉर्थ जर्सी सेक्शनच्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

डिसेंबरअखेर सेक्शनच्या, म्हणजे आपल्या स्थानिक शाखेच्या, कामातून मोकळं व्हायचं, असं तुम्ही ठरवलंत. सेक्शनच्या बैठकीत तुमचं इंग्रजीतून कौतुक झालं, आणि ते अगदी योग्यच झालं. पण आपली मराठी मंडळी तुम्हांला ओळखतात ते गणपतीत आरतीला पेटी वाजवणारे काका म्हणून. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नॉर्थ जर्सी सेक्शनसाठी तुम्ही काय काय केलंत, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत आणि मराठीत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हांला रुचणार नाही. ज्यांना ओळखायचं ते बरोबर ओळखतील.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रसायनशास्त्रज्ञांची ही सोसायटी १८७६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. आज ती जगातल्या सगळ्यांत मोठ्या वैज्ञानिक संस्थांपैकी एक आहे, पण तिचं रोजचं काम चालतं ते गावोगावच्या सेक्शनांमधून. पहिलं सेक्शन ऱ्होड आयलंडला १८९१ साली निघालं, आता देशभर सुमारे १८५ आहेत. आपल्या उत्तर जर्सीत औषधांच्या, सुगंधी द्रव्यांच्या, रंगांच्या कंपन्या पहिल्यापासून असल्यामुळे आपलं सेक्शन मोठं. शेजारच्या न्यूयॉर्क सेक्शनबरोबर मिळून ‘द इंडिकेटर’ नावाचं मासिक चालतं, मास स्पेक, एनएमआर, क्रोमॅटोग्राफी अशा पदार्थ तपासायच्या पद्धतींचे आवडीप्रमाणे गट आहेत. आणि हे सगळं करणारी माणसं दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी आणि शनिवारी येतात. पगार कुणालाच नाही.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. पुण्याहून ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. केलं होतं, तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर) काम केलं होतं, आणि इथे एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असणाऱ्या व्हिसावर, नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याची काही चूक नव्हती, कायदाच तसा होता. मंडळाच्या कार्यक्रमांत ओळख करून घेताना लोक आपुलकीनेच विचारायचे, ‘मिस्टर कुठे असतात?’ तुम्ही विचारलंत, ‘तारापूरला कॉलम कुठला वापरायचीस?’

कॉलम म्हणजे एचपीएलसीतली बारीक कणांनी भरलेली नळी. मी म्हटलं, सी-एटीन जातीचा, अडीचशे बाय चार पॉइंट सहा मिलिमीटर, कण पाच मायक्रॉनचे. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढचा प्रश्न टाकलात: बफर, म्हणजे यंत्रातून सोडायचं क्षाराचं द्रावण, फॉस्फेटचा असेल तर आठवड्याअखेर पंप धुवायचे कशाने? नुसतं पाणी आधी, मग मिथेनॉल, नाहीतर मीठ बसतं, असं मी सांगितलं. हातात वाटली डाळ होती, बाजूला मुलं धावत होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या कामाबद्दल बोलत होतं. ते संभाषण मी घरी जाऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला क्रोमॅटोग्राफी गटाच्या व्याख्यानाला नेलंत. न्यायला आलात, आणायलाही तुम्हीच. तिथे मला कळलं, मी घरी बसले तेवढ्यात विषय किती पुढे गेला होता. कॉलममधले कण दोन मायक्रॉनच्या खाली आले होते, चारशे बार दाबावर चालणाऱ्या पंपांच्या जागी हजार बार दाब सोसणारे पंप आले होते. जिथे आम्ही एका इंजेक्शनमागे चाळीस मिनिटं बसायचो, तिथे काही मिनिटांत औषधातल्या इम्प्युरिटी, म्हणजे अशुद्ध घटक, वेगळ्या होत होत्या. मी घाबरले. परत येताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, ‘सिद्धांत तोच आहे, व्हॅन डीमटरचं समीकरण काढून वाच, कण लहान केले की काय होतं ते त्यातच दिलंय.’ मी वाचलं. खरंच त्यातच होतं.

सेक्शनच्या छोट्या सभांवर तुमचा फार जीव. खोलीत पंधरा माणसं आली तरी तुम्ही खुर्च्या नीट मांडायचात, वक्त्याला वेळेवर पाणी द्यायचात. एकदा मी विचारलं, एवढ्याशा सभेसाठी एवढी धडपड कशाला? तेव्हा तुम्ही रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंडची गोष्ट सांगितलीत. ८ फेब्रुवारी १९०९ रोजी त्याने बेकेलाइटची घोषणा केली ती न्यूयॉर्क सेक्शनच्या सभेतच, आपल्यासारख्याच रसायनशास्त्रज्ञांसमोर. मग बेकेलाइटचा कारखाना आपल्याच पर्थ अँबॉयला निघाला. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं, एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं हे प्लास्टिक. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातली दिव्यांची काळी गोल बटणं त्याचीच, आणि कुकरची मूठही. चाळिशीच्या आतल्या रसायनशास्त्रज्ञांना आपलं सेक्शन बेकलंडच्या नावाने पुरस्कार देतं, तो त्याच नात्याने.

पण तुम्ही मला खऱ्या अर्थाने कामाला लावलंत ते ऑक्टोबरात. नॅशनल केमिस्ट्री वीक दरवर्षी २३ ऑक्टोबरच्या आसपास येतो, कारण ॲव्होगाड्रोच्या आकड्यातल्या (एका मोलमधल्या कणांच्या संख्येतल्या) १०चा २३वा घात म्हणजे दहावा महिना, तेविसावी तारीख. १९८७ साली एका दिवसापुरता सुरू झालेला हा उपक्रम पुढे आठवडाभराचा झाला. शाळा, वाचनालयं, विज्ञान केंद्रं, सगळीकडे टेबलं लावून मुलांना प्रयोग करू द्यायचे. पगारी काम नसल्यामुळे व्हिसाची अडचण नव्हती. तुम्ही म्हणालात, ‘लाल कोबीच्या रसाचा रंग बदलून दाखवणं सगळेच करतात. तू तुझं काहीतरी आण.’

मी हळद नेली. घरची, सांगलीची. फिल्टर पेपर हळदीच्या अल्कोहोलमधल्या अर्कात बुडवून, वाळवून, त्याच्या पट्ट्या कापल्या. लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली की क्षणात विटकरी लाल होते, आणि परत लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन अल्कलीत (सोड्यासारख्या पदार्थात) प्रोटॉन सोडतं आणि रंग बदलतं, एवढंच आहे ते. पांढऱ्या कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याकडे प्रत्येक बाईने पाहिलेलं असतं. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीतही याच रसायनावर उभी आहे. हे मी टेबलापुढच्या एका आजींना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी नातवाच्या हातून पट्टी घेतली आणि स्वतः सोड्यात बुडवली. तुम्ही मागे उभे होतात. नंतर तुम्ही मला एकच गोष्ट समजावलीत: ड्रॉपर मुलाच्या हातात द्यायचा, आपण धरायचा नाही. त्याला दोन थेंब जास्त टाकू दे. रंग बदलल्यावर लगेच कारण सांगायचं नाही, ‘आता काय झालं असेल?’ असं विचारून थांबायचं. हे थांबणं मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे प्रयोगाच्या वहीत निरीक्षण आधीच लिहून तयार असायचं.

आणि सुरक्षिततेबाबत तुमची शिस्त. चष्मा असला तरी वरून गॉगल हवाच, टेबलावर खाऊ आणायचा नाही, ज्या लिंबाचा रस प्रयोगाला काढला ते लिंबू कुणी चोखायचं नाही. एका वर्षी एका उत्साही स्वयंसेवकाला मिथेनॉल पेटवून क्षारांच्या रंगीत ज्वाला दाखवायच्या होत्या. मुलांना त्या फार आवडतात हे खरं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. त्या प्रयोगात उघड्या टेबलावर मिथेनॉलचा भडका उडून शाळांमध्ये मुलं भाजली होती, आणि २०१४ साली सोसायटीच्याच सुरक्षा समितीने तो तसा करणं बंद करा असं सांगितलं होतं. तुम्ही त्या स्वयंसेवकाला न दुखवता बाजूला घेतलंत आणि दुसरा मार्ग दाखवलात: क्षाराच्या द्रावणात भिजवलेली लाकडी काडी, छोटा बर्नर, मुलं लांब. रंग तेच दिसले. आपल्याकडच्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनं भरवणाऱ्या शिक्षकांनी एवढी एक गोष्ट या पत्रातून उचलली, तरी मला फार बरं वाटेल.

ऑलिम्पियाडच्या, म्हणजे शाळकरी मुलांच्या रसायनशास्त्र स्पर्धेच्या, कामाबद्दल लिहायलाच हवं, कारण ते कुणालाच दिसत नाही. मार्चमध्ये सेक्शनची परीक्षा, साठ वस्तुनिष्ठ प्रश्न. त्यातून निवडलेल्या मुलांची राष्ट्रीय परीक्षा पुढे एप्रिलच्या आसपास, आणि तिच्यात प्रॅक्टिकल असतं. त्या प्रॅक्टिकलची तयारी सेक्शनने करायची. प्रत्येक मुलाच्या जागी तीच उपकरणं, तेवढीच रसायनं, तशीच लेबलं. आदल्या संध्याकाळी एका कॉलेजच्या लॅबमध्ये आपण ट्रे लावत होतो. सगळे ट्रे भरून झाल्यावर तुम्ही एकेका बाटलीचं झाकण उघडून ड्रॉपर दाबून पाहत होतात, कारण एखादा तुंबलेला असला तर त्या मुलाची मिनिटं जातील. तीन ड्रॉपर बदललेत. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि काकू फोन करत होत्या. दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसलेल्या मुलांना तुम्ही कोण हेही माहीत नव्हतं. ती मुलं आज कुठे असतील तिथून त्यांच्या वतीनेही मी आभार मानते.

रटगर्स विद्यापीठाच्या मार्टिन हॉलला तुम्ही आम्हांला नेलंत तो दिवसही लक्षात आहे. १९४३ साली तिथे स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, क्षयावर चालणारं पहिलं प्रतिजैविक. सोसायटीने २००५ मध्ये त्या इमारतीला ऐतिहासिक रासायनिक स्थळ म्हणून फलक लावला. नोबेल १९५२ साली त्या प्रयोगशाळेचे प्रमुख वाक्समन यांना एकट्यांना मिळालं, पण तुम्ही आम्हांला तळघरात राबलेल्या आल्बर्ट शाट्झचं आणि एलिझाबेथ ब्यूगीचंही नाव सांगितलंत, आणि मुलांकडून ते पुन्हा म्हणवून घेतलंत. माझ्या आजीच्या पिढीत क्षय झालेल्या माणसाची कपभांडी वेगळी ठेवायचे आणि जमलं तर त्याला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयात पाठवायचे. ते सगळं बदललं त्याची सुरुवात आपल्या घरापासून गाडीने जाण्याइतक्या अंतरावर झाली, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

२०१५ च्या मे महिन्यात एच-फोरचा नियम बदलला आणि आमच्यासारख्या काहीजणींना नोकरीची परवानगी मिळाली. त्या आधीची काही वर्षं उत्तर जर्सीतल्या औषध कंपन्यांच्या लॅब एकामागून एक बंद होत होत्या. अनुभवी माणसं घरी बसली होती. मला कोण विचारणार, असं मला वाटत होतं. सेक्शनमधल्या अशा माणसांना धीर देताना मी तुम्हांला पाहिलं होतं: बेकार सभासदाची वर्गणी माफ होते, सोसायटीचे करिअर सल्लागार फुकट वेळ देतात, हे तुम्ही प्रत्येकाला आठवणीने सांगायचात, आणि नुसतं सांगून न थांबता स्वतः अर्ज भरायला बसायचात. माझा रेझ्युमे तुम्ही लाल पेनाने भरून टाकलात. जन्मतारीख, लग्न, फोटो काढायला लावलेत. मधल्या वर्षांची रिकामी जागा मी लपवून ठेवली होती, तिथे तुम्ही सेक्शनचं काम लिहायला लावलंत, आधीच्या नोकरीइतक्याच ठळकपणे. तुमच्या जेवणाच्या टेबलावर खोटी मुलाखत झाली. एचपीएलसीच्या आलेखात बेसलाइन वर चढत असेल तर आधी काय तपासशील? पीकला शेपटी येत असेल तर? तीन प्रश्नांत मी तारापूरच्या लॅबमध्ये परत पोहोचले. खऱ्या मुलाखतीत त्यांनी जवळजवळ तेच विचारलं.

नोकरी मला त्या कंपनीने दिली, हे खरं. पण त्याआधीची कित्येक वर्षं मी रसायनशास्त्रज्ञच आहे, फक्त सध्या पगार नाही, असं समजून वागणारे तुम्ही होतात. त्या काळात मी विषय सोडला नाही तो त्यामुळे. काका, याचे आभार मला कधी नीट मानता आले नाहीत, म्हणून आज मानते. काकूंचेही मानते. इतक्या शनिवारी तुम्हांला सोडल्याबद्दल, आणि आम्हां सगळ्यांना पोहे खाऊ घातल्याबद्दल.

तुमच्याकडची कपाटाची किल्ली आणि सामानाची वही मी घेऊन गेले आहे. गॉगल मोजले, नवे मागवायला हवेत. मार्चच्या परीक्षेला अजून दोन पर्यवेक्षक कमी पडताहेत आणि राष्ट्रीय परीक्षेच्या ट्रेंसाठी चार हात लागतील. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी उत्तर जर्सीत कुणी रसायनशास्त्र शिकलेलं असेल, नोकरीत असो, निवृत्त असो की घरी असो, तर सेक्शनला कळवा आणि या. गाडी नसेल तर तुम्हांला न्यायला येण्याची जबाबदारी माझी.

काकूंना नमस्कार सांगा. प्रकृतीला जपा.

तुमची,
सेक्शनमधली एक सभासद
न्यू जर्सी