मारिओवरचा खुनाचा आरोप पुराव्याला धरून नाही

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या 'दडलेल्या गोष्टी' उलगडणारा एक लेख नुकताच प्रसिद्ध झाला. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचा नायक मारिओ हा मुळात नायक नसून हजारो निरपराधांचा मारेकरी आहे, कारण तो फोडतो ती प्रत्येक वीट म्हणजे जादूटोण्याने वीट झालेला त्या राज्यातला एक रहिवासी असतो, असे त्यात ठामपणे लिहिले आहे आणि 'हे कंपनीने स्वतःच छापून ठेवले आहे' अशी पुस्तीही जोडली आहे. हा तर्क चाहत्यांमध्ये बऱ्याच वर्षांपासून फिरतो आहे, आणि चाहत्यांनी आपापसांत तर्क लढवण्यात वावगे काहीच नाही. पण आपल्या पुरवणीने तो तर्क म्हणून नव्हे, तर वस्तुस्थिती म्हणून दिला. आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीतली मुले आता 'पेपरात आलंय' एवढ्या एकाच आधारावर तो एकमेकांना ऐकवतात, आणि त्यांना समजावू पाहणाऱ्या मोठ्यांकडे उत्तर नसते. उत्तर आहे, आणि ते त्याच खेळात आहे, म्हणून हे पत्र.

तर्काच्या बाजूने जे खरे आहे, ते आधी सांगते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या संचासाठी बाजारात आला. कॅसेटबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत सुरुवातीलाच खेळाची कथा दिलेली आहे. काळी जादू जाणणाऱ्या कूपा नावाच्या कासवांच्या टोळीने मशरूमांच्या शांतताप्रिय राज्यावर हल्ला केला आणि तिथल्या प्रजेचे दगड, विटा आणि रानातली झाडे करून टाकली; ही जादू फक्त राजकन्या टोडस्टूल उतरवू शकते आणि तीच कूपांच्या राजाच्या कैदेत आहे, अशी ती कथा आहे. म्हणजे प्रजेच्या विटा झाल्या, हे कोणी मनाने रचलेले नाही. ते खरोखरच छापलेले आहे.

आपल्याकडे मात्र ही पुस्तिका फारशी कोणी पाहिलीच नाही. नव्वदच्या दशकात ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानांतून जो टीव्ही गेम मिळे, तो मूळ संचाची नक्कल असे. त्यात घालायच्या कॅसेटवर शेकडो गेम एकात असल्याची जाहिरात असे आणि तिच्याबरोबर पुस्तिका तर सोडाच, धड खोकेही नसे. आम्हा मुलांना मारिओ कळला तो खेळता खेळता. मशरूम घेतला की तो मोठा होतो, फूल घेतले की आगीचे गोळे मारता येतात, कासवाच्या कवचाला लाथ मारली की ते वाटेतल्या सगळ्यांना उडवत जाते, हे सारे आम्ही एकमेकांकडून शिकलो. कथा आम्हाला कोणी सांगितलीच नाही. त्यामुळे इतक्या वर्षांनी त्या पुस्तिकेतले एकच वाक्य कापून मोबाइलवर समोर येते, तेव्हा ते ताडून पाहायला आमच्या पिढीच्या हाताशी काही नसते. हा तर्क आपल्याकडे इतक्या सहज खपला, त्याचे मला दिसणारे कारण हे आहे.

त्याच पुस्तिकेत हा विषय पुढे आणखी एकदा येतो आणि तर्क मांडणारे नेमका तेवढाच भाग गाळतात. मारिओचे बळ कसे वाढते हे सांगताना तिथे म्हटले आहे की, विटा झालेले किंवा अदृश्य केले गेलेले मशरूम (म्हणजे तिथली प्रजा) वाटेत भेटले, तर ते बक्षीस म्हणून मारिओला बळ देतात. हे वाक्य समोर ठेवून खेळाची अगदी पहिली स्टेज पाहावी. सुरुवातीला थोड्याच अंतरावर विटा आणि प्रश्नचिन्हाचे ठोकळे यांची एक रांग हवेत लागते. त्या रांगेतल्या विटांना मोठ्या मारिओने खालून ठोसा दिला की त्यांचे चार तुकडे होऊन खाली पडतात, कारण त्या रिकाम्या असतात. पण त्याच स्टेजमध्ये पुढे, दिसायला हुबेहूब तशीच, एक वीट आहे जिच्यातून चांदणी बाहेर पडते, आणि आणखी एक आहे जी ठोशागणिक नाणी देत राहते. या दोन्ही विटा फुटत नाहीत. मारिओ मोठा असो वा लहान, त्या किंचित वर उचलल्या जातात, जवळचे असेल ते देतात आणि मग रंग बदलून, टणक होऊन जागच्या जागी राहतात. त्यानंतर त्यांना कितीही ठोसे दिले तरी काही होत नाही. पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे तर हवेत एक ठोकळा असा आहे की तो दिसतच नाही. नेमक्या जागी उडी मारली तरच तो प्रकट होतो आणि एक जादा लाइफ देतो. पुस्तिकेत अदृश्य म्हटले आहे ते यालाच. म्हणजे पुस्तिका ज्यांना शापित प्रजा म्हणते, त्यांच्याकडून मदत घेण्याची सोय खेळात आहे, पण त्यांना फोडण्याची सोयच ठेवलेली नाही. छापलेले वाक्य आणि पडद्यावरची वागणूक यांचा मेळ इतका अचूक बसतो की हा निव्वळ योगायोग असेल, असे मला वाटत नाही.

'काहींच्या विटा झाल्या' यावरून 'प्रत्येक वीट म्हणजे कोणीतरी आहे' असे ठरत नाही, हेही इथेच सांगायला हवे. दुसरी स्टेज भुयारातली आहे आणि तिचे छत सलग विटांचे आहे. ज्यांनी हा खेळ खेळला आहे, त्यांना त्या छतावरून धावत थेट पुढच्या जगांचे पाइप गाठल्याचे आठवत असेल. तर्क मानायचा तर ते सगळे छत माणसांचे ठरते, आणि पुस्तिकेतले दगड व झाडे यांच्याबद्दल मात्र तर्क गप्पच राहतो, कारण मारिओ त्यांना हात लावत नाही. ज्या वस्तूवर आरोप करता येतो तेवढीच उचलायची आणि बाकीच्यांकडे डोळेझाक करायची, ही पुरावा वाचण्याची रीत नव्हे.

मी संगणक शिकवते, म्हणून या विटांची दुसरी बाजूही मला महत्त्वाची वाटते. हा सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. त्यातली ३२ प्रोग्रॅमला आणि अवघी ८ चित्रांना. खेळाचे निर्माते शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक आकृती किती ठिकाणी वापरली आहे, हे पाहताना आजही कौतुक वाटते. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळे. गुम्बा हा सुरुवातीलाच समोर येणारा छोटा शत्रू पावले टाकत येतो असे वाटते, प्रत्यक्षात त्याचे एकच चित्र डावी-उजवीकडे उलटवलेले असते. अशा खेळात वीट ही मजला असते, छत असते, अडथळा असते आणि कधीकधी कोणीतरी शापित जीवही असते. झुडूप म्हणजे खाली पडलेला ढग, असे कोणी म्हणत नाही. मग प्रत्येक विटेत प्रेत शोधण्याचे कारण काय?

नीट न पाहता मत बनवण्याचे आणखी एक उदाहरण याच खेळात आहे. मारिओ डोक्याने विटा फोडतो, असे बहुतेक सगळेच समजतात. उडीतला मारिओ पडद्यावर थांबवून पाहिला तर त्याची एक मूठ डोक्याच्या वर गेलेली स्वच्छ दिसते. तो ठोसा मारतो. आणि हा खालून मारलेला ठोसा मशरूमांच्या राज्याच्या कथेहून जुना आहे. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' या खेळात मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी गटारात उतरलेले असतात आणि मजल्याला खालून ठोसा देऊन वरून चालणाऱ्या कासवांना उलटे पाडतात. त्या खेळात ना मशरूमांचे राज्य होते, ना शापित प्रजा. आधीच्या खेळातली एक चांगली जमलेली कृती पुढच्या खेळात आली, हे या ठोशाचे साधे मूळ आहे. त्यात खुनाचा हेतू शोधणे म्हणजे ओढूनताणून आणलेले आहे.

शापित माणसे दाखवायची असतील तर खेळाचे हेच निर्माते ती कशी दाखवतात, हे १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये पाहायला मिळते, आणि माझ्या मते हा सगळ्यात बळकट पुरावा आहे. त्यात सात जगांच्या सात राजांची जादूची कांडी पळवून त्यांना जनावरे केलेले असते. प्रत्येक राजवाड्यात रूप पालटलेला राजा दिसतो, शेजारचा सेवक मारिओची विनवणी करतो, आणि मारिओने कांडी परत आणली की राजा पूर्ववत माणूस होतो व त्याचे आभार मानतो. जादू झालेला जीव कोण, ती कोणी केली आणि ती कशी उतरली, हे तिथे लहान मुलालाही कळेल इतके उघड आहे. मारिओ रोज हजारोंचे बळी घेतो असे सांगायचे असते, तर ते पुस्तिकेतल्या एका वाक्यात लपवून ठेवण्याचे काही प्रयोजन नव्हते.

ज्यांना मारिओच्या वाटेवरच्या मृत्यूंबद्दल खरोखर वाईट वाटते, त्यांनी गुम्बाचा विचार करावा. पुस्तिकेत त्याची ओळख स्पष्ट आहे. तो मशरूमांच्या राज्याशी फितुरी करून शत्रूला मिळालेला मशरूम आहे आणि मारिओच्या एका पावलाखाली तो मरतो. हा मृत्यू लपवलेला नाही, तो पहिल्या काही क्षणांतच घडतो. त्यावर चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण तिथे प्रश्न खरा आहे. रिकाम्या विटेबाबत तो खरा नाही.

चाहत्यांचे सगळेच तर्क टाकाऊ असतात, असे माझे म्हणणे मुळीच नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' उघडताच पडदा वर जातो, ठोकळे हवेत खिळ्यांनी ठोकल्यासारखे दिसतात, त्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर पडतात, आणि स्टेज संपताना मारिओ जणू विंगेत निघून जातो. यावरून हा सगळा खेळ म्हणजे रंगमंचावर चाललेले नाटक आहे, असा तर्क चाहत्यांनी केला होता. २०१५ मध्ये मियामोतो यांना तो एका चित्रफितीत विचारला गेला आणि त्यांनी मान डोलावून होकार दिला. तो तर्क टिकला, कारण पडद्यावरच्या एकूण एक गोष्टींशी तो जुळत होता. कोणतीही गाळावी लागत नव्हती. त्याआधी २०१२ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी आपल्या पात्रांची तुलना जुन्या पॉपायच्या चित्रकथांतल्या पात्रांशी केली होती, जी गोष्टीगणिक नव्या भूमिकेत येतात. गडकरी रंगायतनात दुपारच्या प्रयोगात खलनायक झालेला नट रात्रीच्या प्रयोगात त्याच नायकाचा भाऊ होतो, तेव्हा आपण दोन्ही नाटकांचा हिशेब एकत्र मांडत नाही. एका खेळात राजकन्येला पळवणारा कूपांचा राजा बाउझर १९९२ च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये मारिओच्या शेजारच्या गाडीत बसून शर्यत लावतो, ते याच रीतीने घ्यायचे असते.

एक तपशील आपल्या लेखात पूर्णपणे राहून गेला आहे. पहिल्या सातही किल्ल्यांच्या शेवटी मारिओला एकेक मशरूम सेवक भेटतो, जो वीटही झालेला नाही आणि मेलेलाही नाही. तो मारिओचे आभार मानतो आणि राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात असल्याचे सांगतो. आठव्या किल्ल्यात राजकन्या सुटते. जादू उतरवू शकणारी एकमेव व्यक्ती तीच आहे, हे पुस्तिकेने आधीच सांगून ठेवलेले आहे. तेव्हा मारिओ ज्या कामासाठी निघाला आहे, ते कामच मुळी विटा झालेल्या प्रजेला मोकळे करण्याचे आहे. त्याच प्रजेचा मारेकरी म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायचे, तर कथेचा पहिला परिच्छेद वाचून दुसरा अर्ध्यावर सोडावा लागतो.

माझी विनंती एवढीच आहे की, ज्या पुरवणीत तो लेख आला त्याच पुरवणीत पुस्तिकेतले बक्षिसाचे वाक्यही छापावे आणि 'हे कंपनीने स्वतःच छापून ठेवले आहे' हे विधान मागे घ्यावे. कंपनीने छापली आहे ती प्रजेच्या विटा झाल्याची कथा. मारिओने त्यांना मारल्याचे तिने कुठेही छापलेले नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)