गॅसच्या टॉर्चवर सरळ होणारी चाकं

संपादक महोदय,
स. न.

कालच्या वाहन पुरवणीतला अलॉय व्हीलवरचा लेख वाचला. ‘अ‍ॅल्युमिनियम वितळवून साच्यात ओतले की चाक तयार’ अशी सगळी निर्मिती एका वाक्यात उरकल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. कारखानदार उगाचच एवढी यंत्रे मांडून बसले आहेत! तेवढ्यासाठी मी कागद खराब केला नसता. पण शेवटच्या चौकटीत ‘वाकलेली रिम गॅसवर तापवून पूर्ववत करता येते’ असे ठोकून दिले आहे, ते वाचून गप्प बसवेना.

माझ्या गाडीचे पुढचे चाक खड्ड्यात आदळून रिमची आतली कड वाकली होती. बेंड काढून देणाऱ्याने टॉर्च लावला, हातोडा घातला, वरून चंदेरी रंग फवारला आणि ‘नव्यासारखी’ म्हणून हातात दिली. त्यानंतर सकाळी गाडी काढावी तर त्या चाकातली हवा कमी. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून पाहिला, वॉल्व्ह बदलला, हवा उतरायची ती उतरतच राहिली. अखेर टायर काढून रिम नीट पुसली, तेव्हा ठोकलेल्या जागीच केसाएवढी चीर दिसली. यावर बेंड काढणाऱ्या गृहस्थांचे उत्तर: ‘मालच कच्चा असणार.’

माल कच्चा नव्हता. ओतीव चाकांसाठी सहसा वापरतात त्या ए-३५६ मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असते. ओतण्याच्या लो-प्रेशर (कमी दाबाच्या) पद्धतीत भट्टी खाली, डाय म्हणजे साचा वर. हवेच्या दाबाने धातू नळीतून सावकाश वर चढतो, त्यामुळे वरून ओतताना उसळून हवा कोंडते तसे फारसे होत नाही. पण खरी ताकद येते ती पुढे. चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात, लगेच पाण्यात बुडवतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास पुन्हा मुरवतात. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, तेच भार पेलतात. टॉर्चच्या आचेने नेमके हेच कण फुगतात आणि तेवढा भाग मऊ पडतो. शिवाय लोखंडासारखे अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. किती तापले ते डोळ्यांना कळतच नाही, आणि आमचे कारागीर तर डोळ्यांवरच विसंबून!

‘महागडी चाके’ म्हणून लेखात फ्लो-फॉर्मिंग आणि फोर्जिंग एकाच वाक्यात कोंबले आहे. फ्लो-फॉर्मिंगमध्ये ओतीव चाकच तापवून फिरवतात आणि रोलरने दाबून टायर बसतो ती त्याची गोल भिंत लांबवतात. ती पातळ होऊनही मजबूत राहते, पण मधले स्पोक (आरे) ओतीवच राहतात. फोर्ज्ड चाक हजारो टनांच्या प्रेसखाली सबंध ठोकळ्यातून घडवतात, मग मशीनवर कोरतात. टॉर्चपासून मात्र दोन्ही वाचत नाहीत, कारण त्यांची बरीचशी ताकदही अशाच तापवण्या-मुरवण्यातून आलेली असते.

कारखान्यात चाकाची एक्स-रे तपासणी होते, हवा गळते का ते पाहतात, नमुन्याची चाके १३ अंशांत तिरकी बसवून त्यांवर वजन आदळतात. बेंड काढणाऱ्याने काय केले? बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवले आणि अंगठा दाखवला. चाक गोल फिरले म्हणजे भार सोसेल असे नाही, एवढे तरी त्या चौकटीत छापायचे होते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र अलॉय व्हीलचे नाही. ते प्लॅस्टिकची टोपी घातलेले साधे पत्र्याचे चाक आहे. टोपीच्या फटीतून खालचा पत्रा दिसतो आहे. हे तुमच्या पुरवणीत कोणालाच दिसले नाही?

चौकटीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि त्याच टाइपात छापावी, ही विनंती. आतल्या पानावरच्या दोन ओळींच्या दिलगिरीने टॉर्चवाले थांबणार नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक