मोहरीच्या मामांना, वाट कुठे चुकते ते दाखवल्याबद्दल

पुणे

ती. मामा,
सा. न. वि. वि.

बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरून सिंगापूर नाळेने वर यायच्या वाटेचं टिपण एकदाचं पुरं झालं. (नवख्यांसाठी: नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उभी घळ, आणि सिंगापूर हे मोहरीशेजारचंच गाव.) त्यात जे कामाचं आहे ते तुमच्याकडून आलेलं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. घाटवाटांची माहिती पुण्यात ढिगाने मिळते. किती तास लागतात, मुक्काम कुठे करावा, गाडी कुठवर जाते, सगळं मिळतं. वाट कुठे चुकते हे मात्र कुणी लिहीत नाही. वाटाड्या म्हणून सोबत येताना तुम्ही सरळ वाटेवर एक शब्द खर्च केला नाहीत आणि चुकायच्या प्रत्येक जागी थांबवून बोटाने दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

पहिली चूक गावाबाहेर पडल्या पडल्याच होते. मोहरीहून रायलिंगाच्या पठाराकडे निघालं की पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात ढोरवाटांचं जाळं लागतं. ढोरवाट चाऱ्याच्या मागे जाते. उतारावर एकाच उंचीला तिच्या चार-पाच समांतर रेघा पडतात आणि फाटत फाटत ती गवतात विरते. माणसाची वाट एकच असते आणि ती चढ टाळत नाही. झाडोऱ्यात शिरते तिथे कारवीच्या काठ्या कोयत्याने तिरक्या तासलेल्या असतात. जुना काप करडा पडलेला, यंदाचा पिवळसर. पन्नास पावलांत असा एकही काप दिसला नाही तर जिथे शेवटचा दिसला होता तिथवर मागे यायचं, हा तुमचा नियम आम्ही टिपणात जसाच्या तसा घेतला आहे.

पठाराच्या टोकावरून समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड दिसतो. खरा धोका तो बघून परतताना असतो. उशीर झालेला असतो, खाली जायचं असतं आणि दिसेल ती घळ नाळ वाटायला लागते. सह्याद्रीचा दगड थरांचा आहे. मऊ थर झिजून उतार होतो, टणक थर कडा होऊन उभा राहतो. त्यामुळे वरून सोपी दिसणारी घळ शे-दोनशे फुटांवर अचानक तुटू शकते आणि घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीच्या उतारावरून, उतरलेल्या माणसाला तिथून परत वर चढणं उतरण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. नाळेचं तोंड जाताना पाहून ठेवावं, येताना शोधू नये, हे तुमचं सांगणं म्हणूनच मोलाचं आहे.

नाळेबद्दल तुम्ही सर्वात जास्त बोललात, आणि तेच बरोबर होतं. बोराट्याची नाळ म्हणजे दोन कड्यांमध्ये साठलेली धोंड्यांची रास. दर पावसाळ्यात पाणी बारीक माती धुऊन नेतं, मोठा दगड खालून पोकळ होतो आणि दिसायला मात्र तसाच राहतो. म्हणून गेल्या वर्षी भक्कम असलेल्या दगडावर यंदा विश्वास टाकायचा नाही. काठीने ठोकून बघायचं. बसलेला दगड भरीव वाजतो, सुटा दगड पोकळ आवाज करतो आणि काठीखाली किंचित हलल्याचं हाताला कळतं. पाय दगडाच्या वरच्या कडेवर न देता दोन दगडांच्या बेचक्यात द्यायचा. रुळलेली ओळ ओळखायची खूणही तुमचीच: न वापरलेल्या दगडावर काळपट, खरखरीत पापुद्रा असतो, पावलं पडतात तिथे तो घासून खालचा राखाडी कातळ उघडा पडतो. सकाळच्या तिरक्या उजेडात ही राखाडी ओळ वीस-पंचवीस फूट पुढपर्यंत दिसते.

माणसांची रचना हा वेगळा विषय. लोक अंतर ठेवून चालतात आणि त्यालाच सुरक्षित समजतात. नाळेत ते उलटं पडतं. वीस फुटांवरून सुटलेला दगड खालच्या माणसापर्यंत वेग घेऊन पोचतो, हाताच्या अंतरावर सुटलेला दगड पायाने अडवता येतो. म्हणून एक तर अगदी चिकटून उतरायचं, नाहीतर दोघा-तिघांनी उतरून कड्याच्या आडोशाला उभं राहायचं आणि मगच पुढच्यांनी हलायचं. एकाच्या खाली सरळ रेषेत दुसरा नको. दगड सुटला की जोरात ‘दगड!’ ओरडायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं. डोक्यावर हेल्मेट हवंच. दहा-बाराच्या वर माणसं एका वेळी नाळेत उतरवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नाळ बरीच उतरल्यावर उजव्या हाताला, रायलिंगाच्या कड्याला बिलगून, रायलिंग आणि लिंगाण्यामधल्या खिंडीकडे जाणारी आडवी वाट फुटते. चुकायची तिसरी जागा ही. उतरण्याची लय लागलेली असते, नजर पायाखाली असते आणि फाटा निघून जातो. मग चुकलेलं सगळं पुन्हा चढून यावं लागतं. ज्याला ही जागा माहीत आहे त्याने सर्वात पुढे चालावं, मागे राहून ओरडू नये. नाळेत आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. आडव्या वाटेवर दृष्टिभय आहे, खाली बघितलं की भीती वाटते. पायाखाली घसारा, हाताला कारवी. कारवी धरायची तर मुळाजवळ, तीन-चार काठ्या एकत्र. सात वर्षांनी फुलून गेलेली कारवी वाळते, तिच्या काठ्या उभ्या राहतात पण धरताच कटकन मोडतात. ही एवढीशी गोष्ट आम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती.

इथे आमची भर एवढीच. अवघड टप्प्यावर दोर लावताना कातळात ठोकलेल्या एका बोल्टवर भिस्त ठेवू नये. कोकणच्या दमट हवेत लोखंड गंजतं, आणि बाहेरून ठीक दिसणारा बोल्ट कातळाच्या आत खाल्लेला असू शकतो. दोन स्वतंत्र आधार घ्यावेत, भार दोन्हींवर सारखा यावा, पट्ट्यांमधला कोन ६० अंशांच्या आत राहावा. दोर कातळाच्या धारेवर घासतो तिथे पोत्याचं किंवा जाड कापडाचं अस्तर द्यावं. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारावी, म्हणजे दोर कमी पडला तरी माणूस टोकावरून सुटत नाही. ६ मिमीच्या दोरीची प्रुसिक गाठ (मुख्य दोरावर सरकणारी, पण भार येताच आवळणारी) सोबत असावीच. लिंगाण्याचं आरोहण ही याच्याही पलीकडची गोष्ट आहे. आरोहणाचं प्रशिक्षण नसलेल्याने खिंडीतूनच नमस्कार करावा.

मोबाईलमधल्या नकाशाबद्दल तुम्ही विचारलं होतंत. दोन्ही बाजूंना उभे कडे असले की उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्र आपल्याला प्रत्यक्षापेक्षा बाजूला दाखवतं. सपाटीवर तीस-चाळीस मीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. इथे मात्र तेवढ्या फरकात मधे कडा असू शकतो. म्हणून नाळेत नकाशा फक्त ‘किती खाली आलो’ एवढ्यासाठी बघावा, कुठे वळायचं ते तुमच्या खुणांवरून ठरवावं. आम्ही दिलेल्या रेघेवर डोळे मिटून चालू नका, अशी ओळ टिपणात अगदी वर टाकली आहे.

खाली उतरून पायथ्याच्या दापोली गावाच्या (रत्नागिरीतलं दापोली नव्हे) बाजूने सिंगापूर नाळ धरायची. ती तुलनेने सोपी, पण तिची अडचण वेळेची आहे. दोन्ही नाळा पश्चिमेकडे उघडतात. सकाळी उतरताना सावली मिळते, दुपारी चढताना ऊन थेट पाठीवर येतं. गडी दमतो तो इथेच. उजाडताच नाळेच्या तोंडाशी असावं आणि चढाईला दुपारी बाराच्या आत लागावं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि झाडीतली वाट त्याआधीच दिसेनाशी होते. प्रत्येकी चार लिटर पाणी पठारावरूनच घेऊन निघावं, नाळेतल्या पाण्यावर हिशेब मांडू नये. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर थांबावं. पठारभर पडलेलं पाणी नाळेतूनच खाली येतं, आणि ओल्या दगडावर बूट टिकत नाही.

आग्या मोहोळांबद्दलही लिहिलं आहे. कड्याखाली धूर नाही, आरडाओरडा नाही, अंगाला अत्तर नाही. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड-मान झाकून त्या जागेपासून दूर निघायचं. पण पाय टाकायची जागा बघून, कारण पळताना पडूनही जीव जातो.

आता एक गोष्ट जी तुम्ही स्वतःहून कधी बोलला नसता. वाटाड्या कोकणात उतरवून देतो तेव्हा त्याचा दिवस संपलेला नसतो, त्याला तोच घाट चढून घरी जायचं असतं. लोक मात्र उतरण्याचे पैसे देतात. टिपणात आम्ही लिहिलं आहे की वाट एकेरी असेल तर मजुरी दोन दिवसांची धरावी, आदल्या संध्याकाळीच ठरवावी, आणि जेवणाचे पैसे त्यात न घालता घरच्या माणसांच्या हातात वेगळे द्यावेत. तुमचं नाव तुमच्या सांगण्यावरून कुठेही घातलेलं नाही.

टिपणाच्या दोन छापील प्रती या पत्रासोबत आहेत, अक्षर मोठं ठेवलं आहे. यंदाचा पाऊस उघडल्यावर गुरांमागे त्या बाजूला जाणं झालं तर आडव्या वाटेचा फाटा तेवढा पाहून ठेवा. धोंड सरकली असेल किंवा दरड आली असेल तर वेल्ह्याला येणाऱ्या कुणाहाती निरोप द्या. तो मिळेपर्यंत पुढच्या हंगामाची प्रत आम्ही छापणार नाही.

मामींना नमस्कार सांगावा. कळावे,

आपले,
घाटवाटा नोंदवणारे पुण्यातले भटके