फिनलंडला जाताय? वाचनालयही पाहा

महोदय,
‘जगातल्या सर्वांत आनंदी देशाची सहल’ अशी फिनलंडची जाहिरात हल्ली होते. २०१८ पासून जागतिक आनंद अहवालात हा देश पहिला आहे, हे खरे. मात्र तिथे हसरे चेहरे मोजत नाहीत. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपले आयुष्य कितव्या पायरीवर आहे, असे लोकांना विचारतात. फिनिश माणूस तसा मितभाषी. चार दिवसांच्या पाहुण्याला तो आनंदी वाटेलच असे नाही.

सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीतले वाफेचे स्नान, जरूर घ्यावा (साधारण ५५ लाखांच्या देशात तीसेक लाख सौना आहेत म्हणे!), पण हेलसिंकीतले ‘ओडी’ हे सार्वजनिक वाचनालय चुकवू नये. २०१८ च्या डिसेंबरात ते थेट संसदेसमोर उभे राहिले. पुस्तके तर आहेतच. शिवणयंत्रे, थ्रीडी प्रिंटर, संगीताच्या खोल्याही आहेत. कुणीही यावे, बसावे. करांचा पैसा कुठे जातो, हे तिथल्या माणसाला डोळ्यांनी दिसते. माझ्या मते शिडीवरच्या वरच्या पायरीचे एक कारण हेच. सहल कंपन्यांनी त्यासाठी निदान अर्धा दिवस ठेवावा. प्रवेशशुल्कही नाही.

– एक वाचक, ठाणे